यादीत पहिला, पद रिक्त

जून २०२४ मधली संध्याकाळ. भाचा कॉलेजातून आला तो चपला दारातच भिरकावून. "मावशी, सव्वा महिन्यात वाट लावली गं त्यांनी!"

मला वाटलं, निकाल लागला. पण हे दुःख बॉक्सर उसिकचं होतं. बॉक्सिंगच्या चार जागतिक संस्थांच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे विजेतेपदांपैकी, आयबीएफचा पट्टा गेला, चारातले तीन उरले.

त्याचं दुःख मला कळत होतं, कारण १९ मेच्या पहाटे साडेतीनला उठून त्याच्या लॅपटॉपसमोर मीही बसले होते. रियाधमध्ये उसिक आणि टायसन फ्युरी. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आपटत भेलकांडत गेला, रेफ्रीने आकडे मोजायला सुरुवात केली आणि इकडे माझा चहा उतू गेला. शेवटी तीन पंचांपैकी दोघांनी उसिकला कौल दिला. हेवीवेटमध्ये एकच एक निर्विवाद विजेता लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच होत होता, आणि चारही पट्टे एकाच कमरेला तर त्या वजनगटात कधीच आले नव्हते. भाचा सोफ्यावर उड्या मारत होता. आमचे हे आतल्या खोलीतून ओरडले, "कोण मेलं?"

"आयबीएफने पट्टा काढून घेतला नाही," मी भाच्याला म्हटलं, "त्याने सोडला."

"एकच ते."

एकच कसं? राजीनामा आणि बडतर्फी एकच असती, तर माझी अर्धी नोकरी वाया गेली असती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक आस्थापना शाखेत. १९८५ ला कनिष्ठ सहायक म्हणून लागले, २०२१ ला सेवानिवृत्त झाले. सेवाज्येष्ठता याद्या, पदोन्नत्या, रिक्त पदांचे अहवाल, हेच माझं जग. बॉक्सिंगची आवड माझ्या दादामुळे लागली. तो अलीची कात्रणं जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवायचा आणि मी खळ लावून द्यायचे. ठोसे मला अजूनही फारसे कळत नाहीत. पण या खेळाच्या चार संस्था (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ) ज्या पद्धतीने आपले कागद चालवतात ना, ते बघितलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

तर भाच्याला सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक संस्थेची दर वजनगटाची एक क्रमवारी असते. त्यातून एक जण 'मँडेटरी', म्हणजे अनिवार्य आव्हानवीर ठरतो. विजेत्याने ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढायचंच, नाहीतर पट्टा ठेवून जायचं. आयबीएफची मुदत नऊ महिन्यांची. डब्ल्यूबीसी साधारण वर्षातून एकदा म्हणते. आता एका माणसाकडे चार पट्टे असले की चार संस्थांचे चार आव्हानवीर दारात उभे, वर पैसेवाल्यांना हवी असलेली फेरलढत वेगळी. उसिकला फ्युरीशी पुन्हा लढायचं होतं, डिसेंबरात. आयबीएफ थांबायला तयार नव्हती. त्यांचा अंतरिम विजेता डॅनियल दुबुआ तयार बसला होता. उसिकने पट्टा सोडला, तो दुबुआला मिळाला, आणि सप्टेंबरात लंडनच्या वेम्ब्लीवर दुबुआने अँथनी जॉशुआला पाचव्या फेरीत झोपवला. म्हणजे 'कागदी विजेता' म्हणून ज्याला सगळे हसले, त्याने ९६ हजार माणसांसमोर आपली नेमणूक कायम करून घेतली. पुढे जुलै २०२५ मध्ये उसिकने त्याच वेम्ब्लीवर, तेही पाचव्याच फेरीत, दुबुआला पाडून तो पट्टा परत नेला. यात वाट कुणाची लागली?

भाच्याच्या पिढीची तक्रार अशी की हे अनिवार्य प्रकरण मोठ्या लढतींचा विचका करतं. मला उलट वाटतं. या सगळ्या धंद्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेलं हे एवढं एकच कलम आहे. बाकीचं सगळं, ज्याच्याकडे पट्टा किंवा पैसा आहे त्याच्या सोयीचं.

सोयीचं म्हणजे किती, ते पदनामांवरून कळतं. डब्ल्यूबीएकडे एका वजनगटात एक 'सुपर' विजेता, आणि त्याच्याखाली 'रेग्युलर' विजेता. आमच्याकडे 'नियमित' व्हायला लोक वीस वर्षं झुरतात, तिथे नियमित म्हणजे दोन नंबरचा! वर अंतरिम होताच, २०१९ ला 'गोल्ड' आला. सुपरला आव्हानवीराशी लढायला मुदतही जास्त. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये मिनियापोलिसला गॅब्रिएल माएस्त्रे आणि मायकल फॉक्स यांची अंतरिम पट्ट्यासाठी लढत झाली. माएस्त्रेच्या खात्यावर त्याआधी व्यावसायिक लढती अवघ्या तीन. फॉक्सने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं, तरी तिन्ही पंचांनी माएस्त्रेला जिंकवलं. इतका गदारोळ झाला की डब्ल्यूबीएला आपली अंतरिम पदं रद्द करावी लागली. आमच्याकडे शासन निर्णयाने पदं 'व्यपगत' होतात, तसं.

डब्ल्यूबीसी याहून कल्पक. हिऱ्याचा पट्टा, चांदीचा पट्टा, निवृत्ताला 'इमेरिटस', आणि २०१९ पासून 'फ्रँचायझी' विजेता. हा शेवटचा प्रकार मला दोनदा वाचावा लागला. मोठ्या नावाच्या बॉक्सरला अनिवार्य आव्हानवीराच्या कटकटीतून मोकळं करायचं, त्याच्या जागी खालच्याला पूर्ण विजेता करायचं, आणि मूळ माणसाचा मानही ठेवायचा. म्हणजे वरच्या साहेबांना 'विशेष कार्य अधिकारी' करणं! आधी कानेलो अल्वारेझला दिलं, मग लोमाचेन्कोला. लोमाचेन्कोला तिकडे सरकवल्यावर अंतरिम डेव्हिन हेनी बसल्या जागी विजेता झाला. लोक त्याला 'ईमेल चॅम्पियन' म्हणू लागले. मग तेओफिमो लोपेझने लोमाचेन्कोला हरवलं, आणि फ्रँचायझी जिंकता येते की नाही, लोपेझ निर्विवाद की नाही, यावर लोक वर्षभर भांडले. बिचाऱ्या हेनीचा काय दोष? आदेश आला, तो रुजू झाला.

(हसणाऱ्यांनी आपल्या घरातही बघावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. दोन संघटना, दोन केसरी. कुस्तीला दोन वर्षं द्या, 'फ्रँचायझी केसरी' येतोच.)

आणि २०१७ च्या ऑगस्टात वरळीच्या एनएससीआयमध्ये विजेंदर सिंगने चिनी बॉक्सरला हरवलं, तेव्हा आमच्या शाखेत चहाच्या वेळी सगळे म्हणाले, विजेंदर जगज्जेता झाला. मी म्हटलं, नाही हो, एक डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक, एक डब्ल्यूबीओ ओरिएंटल, दोन्ही विभागीय. त्यांनी क्रमवारीत वर सरकायला मदत होते. "म्हणजे विभागीय परीक्षा पास झाला," आमचे शिपाई म्हणाले. याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्या रात्री विजेंदर मात्र म्हणाला की सीमेवर तणाव आहे, मला हा पट्टा नको, त्याला परत द्या. डोकलामचे दिवस होते ते.

आता ज्या प्रकरणामुळे मी या विषयावर लिहायचं ठरवलं, ते.

ग्रासियानो रोकिजानी नावाचा जर्मन बॉक्सर होता. १९९८ च्या मार्चमध्ये बर्लिनला त्याने मायकल ननला हरवलं. लढत डब्ल्यूबीसीच्या लाइट हेवीवेटच्या रिकाम्या विजेतेपदासाठी होती. रिकामं कशाने झालं, तर रॉय जोन्स वरच्या वजनात जाणार म्हणून त्याने ते सोडलं होतं. रोकिजानी जिंकला, पट्टा कमरेला लागला, क्रमवारीत 'विजेता' म्हणून नाव छापून आलं. पण जोन्सचा वरच्या वजनाचा बेत बारगळला. मग काही आठवड्यांनी यादी आली, त्यात विजेता रॉय जोन्स आणि रोकिजानी अंतरिम. खुलासा काय? आधीच्या यादीत रोकिजानीला विजेता म्हटलं ती टंकलेखनातील चूक होती.

टंकलेखनातील चूक! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

कारण तशी चूक मी केलेली आहे. नव्वदच्या दशकात, मराठी टंकलेखन यंत्रावर, चार कार्बन लावून. ज्येष्ठता यादीत एका कर्मचाऱ्याची नेमणुकीची तारीख ०३/०८ असायला हवी होती. मी ०८/०३ मारली. ३ ऑगस्टचा माणूस ८ मार्चचा झाला आणि पाच महिने वर चढला. मधले सात जण खाली गेले. यादी तपासणाऱ्या दोघांनीही सही केली. त्यावर पदोन्नती निघाली. ते गृहस्थ शाखेत पेढे घेऊन आले, कंदी पेढे, प्रत्येकाच्या टेबलावर कागदावर दोन दोन. मीही खाल्ले. तीन महिन्यांनी कुणीतरी हरकत घेतली, मूळ सेवापुस्तक काढलं आणि शुद्धिपत्रक निघालं. तेही मलाच टंकायला दिलं. 'वाचावे' आणि 'ऐवजी' यांच्यामध्ये एका माणसाचं घरातलं तोंड अडकलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. ते पदावनत होऊन परत आले, तेव्हा माझ्या टेबलाशी थांबून इतकंच म्हणाले, "बाई, चूक तुमची, पेढे मात्र माझे गेले." मी त्यांच्याशी सहा महिने नजर मिळवू शकले नाही.

तेव्हा टंकलेखनातील चूक कशी दिसते ते मला विचारा. दोन आकडे आपसात बदलतात, वेलांटी पहिलीची दुसरी होते, एखादी ओळ गळते. यंत्रावर बोट घसरलं म्हणून विजेतेपद रोकिजानीकडून उठून जोन्सकडे जात नाही. ती चूक नव्हे, तो निर्णय होता. फक्त त्याखाली सही करायला कुणी तयार नव्हतं.

रोकिजानी आमच्या गृहस्थांसारखा गप्प बसला नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई सुमारे तीन कोटी डॉलर. डब्ल्यूबीसीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. २००४ मध्ये कमी रकमेवर तडजोड झाली म्हणून ती संस्था आज उभी आहे. रोकिजानी २०१८ मध्ये सिसिलीत मोटारीच्या धडकेने गेला. एका शुद्धिपत्रकाने जगातली सगळ्यात मोठी बॉक्सिंग संस्था बुडायला आली होती, हे आमच्या प्रशिक्षण वर्गात शिकवायला हवं.

डब्ल्यूबीओचं तर विचारू नका. डॅरिन मॉरिस नावाचा त्यांचा बॉक्सर ऑक्टोबर २००० मध्ये वारला आणि त्यानंतर काही महिने क्रमवारीत वर वर चढत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. मयत कर्मचाऱ्याचं नाव यादीत राहून जाणं आम्हाला नवीन नाही. पण बढती आम्ही कधी दिली नव्हती.

पुन्हा अनिवार्यकडे येते. भाच्याला डिलियन व्हाइट आठवत होता तो फक्त मार खाताना. मला तो आठवतो वाट बघताना. डब्ल्यूबीसीच्या यादीत हजारावर दिवस वरच्या टोकाला, पण लढत मिळेना. जुलै २०१९ मध्ये ऑस्कर रिव्हासला हरवून तो अंतरिम विजेता झाला, तर डब्ल्यूबीसीने सांगितलं, तुझी पाळी फेब्रुवारी २०२१ पर्यंत. दीड वर्ष! बॉक्सर दीड वर्ष घरी बसून खाणार काय? मधे लढावंच लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये तो पोवेत्किनशी लढला. चौथ्या फेरीत पोवेत्किनला दोनदा पाडलं आणि पाचव्यात एका अपरकटने स्वतः आडवा झाला. पाळी गेली. मार्च २०२१ ला जिब्राल्टरमध्ये पोवेत्किनला फेरलढतीत हरवून ती परत मिळवली. विजेत्या फ्युरीसमोर उभा राहिला तो थेट एप्रिल २०२२ मध्ये.

पण त्या लढतीची 'पर्स बिड' वाचताना माझा दिवस सार्थकी लागला. दोन्ही बाजूंचं पैशावर जमलं नाही की संस्था निविदा मागवते, बंद लिफाफे, जास्त बोलीवाल्याला लढत. अगदी आपल्याकडच्यासारखं, फक्त तिथे चढी बोली. फ्युरीच्या बाजूच्या फ्रँक वॉरनच्या कंपनीची बोली चार कोटी दहा लाख पंचवीस हजार डॉलर. समोरच्या मॅचरूमची किती? तीन कोटी बावीस लाख बावीस हजार दोनशे बावीस! निविदा समितीत बसलेल्या कुणालाही ते बावीस-बावीस बघून हसू येईल. लिफाफा डकवता डकवता आकडा सुचलेला दिसतो. दहा टक्के जिंकणाऱ्याला बाजूला, उरलेल्यात ८० टक्के फ्युरी, २० टक्के व्हाइट. व्हाइटच्या वाट्याला सुमारे ७४ लाख डॉलर आले. सहाव्या फेरीत तो अपरकटने पडला, तेही वेम्ब्लीवर ९४ हजारांसमोर. हरला तर हरला. ते कलम नसतं तर त्याला ना ती रात्र मिळाली असती ना ते पैसे.

पैसे घेऊन बाजूला होण्याची पद्धतही आहे. १९९६ मध्ये लेनॉक्स लुईसने ४० लाख डॉलर घेऊन पाळी पुढे ढकलली, म्हणजे टायसनला ब्रूस सेल्डनशी लढता यावं. टायसन सेल्डनला हरवून मोकळा झाला आणि मग लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून बसला. त्याआधी १९९२ मध्ये रिडिक बोने तर लुईसला टाळताना लंडनमध्ये पत्रकारांसमोर तोच पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. कार्यभार सोडण्याची ही पद्धत आमच्या नियमपुस्तकात नाही.

आयबीएफ मला आवडते ती तिच्या कोरडेपणासाठी. तिच्या यादीत पहिला आणि दुसरा क्रमांक कित्येकदा चक्क रिकामा असतो. पात्रता लढत जिंकल्याशिवाय त्या जागेवर कुणाला बसवतच नाहीत. तिसऱ्या क्रमांकाचा माणूसच सगळ्यात वर. रिक्त म्हणजे रिक्त, प्रभारी नाही. (संस्थेची शिस्त म्हणून हे कौतुक. तिच्या संस्थापकावर, बॉब लीवर, क्रमवारीसाठी पैसे खाल्ल्याचा खटला झाला. लाचेच्या बहुतेक आरोपांतून सुटला, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत अडकून २२ महिन्यांची शिक्षा झाली. यादी जिथे, तिथे पाकीट.)

भाच्याने मात्र मला एका जागी बरोबर पकडलं. "आणि चार्ल्स मार्टिन?"

आता यावर काय बोलणार! नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्युरीने ड्युसेलडॉर्फला क्लिच्कोला हरवलं. करारात फेरलढत होती, आयबीएफला अनिवार्य आव्हानवीर ग्लाझकोव्हशी लढत हवी होती. दोन आठवड्यांच्या आत पट्टा काढून घेतला. मग जानेवारीत ब्रुकलिनला ग्लाझकोव्ह विरुद्ध मार्टिन. तिसऱ्या फेरीत ग्लाझकोव्हचा गुडघा गेला, आणि हेवीवेटचा जगज्जेता ठरला चार्ल्स मार्टिन. एप्रिलमध्ये जॉशुआने दुसऱ्या फेरीत त्याचं आटोपलं. नियमाचं पालन झालं, पण पट्ट्याची शोभा गेली, हे मान्य. तरी ग्लाझकोव्हचं रांगेत असणं खोटं नव्हतं, हे मी तरीही म्हणणार.

का म्हणणार ते भाच्याला माहीत नव्हतं. मग आत जाऊन कपाटातली फाईल आणली आणि आधी त्याला केन नॉर्टनची गोष्ट सांगितली, दादाच्या वहीतली. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. डब्ल्यूबीसी म्हणाली, आता नॉर्टनशी लढ. स्पिंक्सने अलीलाच फेरलढत दिली. त्याचा पट्टा काढला आणि नॉर्टनला विजेता ठरवलं, कशाच्या आधारावर, तर आदल्या नोव्हेंबरात त्याने जिमी यंगला हरवलं होतं त्या लढतीच्या. म्हणजे आज आदेश, अंमल मागील तारखेपासून. जूनमध्ये लॅरी होम्सने पंधरा फेऱ्यांनंतर काठावर त्याला हरवलं. नॉर्टन जगज्जेता होता, पण जगज्जेतेपदाची एकही लढत तो जिंकला नाही.

"याला आमच्यात मानीव दिनांक म्हणतात," मी म्हटलं आणि फाईलमधला माझा आदेश काढला. एका पदावर मी यादीत पहिली होते. पद रिक्त, माझे गोपनीय अहवाल चांगले, आणि पदोन्नती समितीची बैठकच लागत नव्हती. दोन वर्षं सात महिने त्या खुर्चीचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे होता. मी शेजारच्या टेबलावर बसून त्यांच्या सहीचे मसुदे तयार करायचे. मग एकदाची पदोन्नती झाली, मानीव दिनांक आधीचा मिळाला, वेतननिश्चिती काल्पनिक.

भाच्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे ती दोन वर्षं सात महिने तू चॅम्पियन होतीस?"

"कागदोपत्री."

"आणि पगारातला फरक?"

"नाही मिळाला. नॉर्टनला निदान होम्सबरोबरच्या लढतीचे पैसे मिळाले."